ब्लॅक सॅबथ अजून का वाजतं?

ही भाग ३४ ची लिखित प्रत. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ बरेचसे काढलेत. सगळे काढले असते तर ते माझं बोलणं वाटलंच नसतं. रेकॉर्डिंगमध्ये मधेमधे गिटारवर वाजवून दाखवलं होतं, ते इथे जमणार नाही, म्हणून तिथे सरगम लिहिली आहे.

प्रश्न एका श्रोत्याच्या मेलमधून आलाय, जरा खवचटच आहे. पंचावन्न वर्षांपूर्वीचा हा गोंगाट आजची विशीतली पोरं का ऐकतात, त्यांना स्वतःचा गोंगाट नाही का?

रास्त प्रश्न आहे. आधी एक दिवस डोळ्यांसमोर आणू. ५ जुलै २०२५, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातलं व्हिला पार्क हे फुटबॉलचं मैदान. ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम. ऑझी ऑस्बॉर्न, टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड, चौघंही पंचाहत्तरी गाठलेले. ऑझीला पार्किन्सन्स. उभं राहता येत नाही, म्हणून त्याला काळ्या सिंहासनावर बसवून मंचावर आणलं. त्याच्या आधी दिवसभर कोण वाजवत होतं? मेटॅलिका, गन्स एन रोझेस, स्लेयर, टूल, पँटेरा, गोजिरा. ज्यांच्या नावावर एरवी अख्खी स्टेडियम भरतात असे लोक त्या दिवशी आपापल्या गाण्यांसोबत सॅबथची गाणी वाजवून खाली उतरत होते. घरच्या कार्यात पाहुण्यांनी वाढायला उभं राहावं तसं. आणि बरोबर १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

या मैदानाची अजून एक गंमत. ते ॲस्टन भागात आहे, आणि ऑझीचं लहानपणीचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. मॅचच्या दिवशी गल्लीत लागलेल्या गाड्यांवर ‘लक्ष ठेवायचे’ पैसे हा पोरगा घ्यायचा. म्हणजे जिथे पार्किंगवाला होता, तिथेच शेवटी सिंहासन.

आता ‘का ऐकतात’ याची दोन तयार उत्तरं असतात. एक, जुन्या आठवणी. हे माझ्यापुरतं तरी बाद. सॅबथचा पहिला अल्बम आला त्यानंतर २८ वर्षांनी माझा जन्म. आमच्या घरात कॅसेट होत्या त्या अभंगांच्या आणि नाट्यगीतांच्या. दुसरं उत्तर, बंडखोरी. ते वयाच्या सोळाव्या वर्षी खरं असेलही, पण पंचेचाळिशीतले, ईएमआय भरणारे, पोरांना शाळेत सोडणारे लोकही हेच ऐकतात. ते कुणाविरुद्ध बंड करतायत? सोसायटीच्या सेक्रेटरीविरुद्ध?

मला वाटतं उत्तर त्या आवाजाच्या बांधणीत आहे. तो कसा आणि कुणी बनवला, त्यात. त्यासाठी ॲस्टनला जावं लागेल.

साठच्या दशकातलं बर्मिंगहॅम म्हणजे मोटारी, त्यांचे सुटे भाग, पत्रा, ओतकाम, स्क्रू, स्प्रिंगा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हे शहर बेदम बॉम्बफेक करून फोडलं होतं, आणि ही पोरं लहान असताना पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांत खेळायची. चौघंही कामगारवस्तीतले. ऑझीचे वडील टूलमेकर, रात्रपाळीला. आई ल्यूकसच्या कारखान्यात. ऑझी स्वतः तिथेच मोटारीचे हॉर्न तपासायच्या कामावर लागला. दिवसभर बंद खोलीत हॉर्न वाजवून बघायचे! नंतर कत्तलखान्यात काम, मग एक फसलेली घरफोडी आणि काही आठवडे तुरुंग. गीझर बटलर त्यातल्या त्यात सुशिक्षित. आयरिश कॅथलिक घरातला, एका कारखान्याच्या हिशेब खात्यात शिकाऊ. पुढे बँडची बहुतेक गाणी यानेच लिहिली.

आणि टोनी आयोमी. शीट मेटलच्या कारखान्यात वेल्डर. वय १७. त्याला एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचं होतं, म्हणून त्याने नोकरी सोडली होती. कारखान्यातला शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला, आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम अर्धवट टाकायचं नाही, पूर्ण करून ये. तो परत गेला. पत्रा दाबायच्या मशीनवरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, तर याला तिथे उभं केलं. मशीन खाली आलं. उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका अशा दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा तो उजव्या हाताने दाबायचा. गेली ती नेमकी त्या हाताची बोटं.

इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा काय झालं ते मला सांगायचंय. माझे बाबा भोसरीत एका शीट मेटलच्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं होते, आधी प्रेसवर, मग टूलरूममध्ये. त्यांना हेवी मेटलशी घेणं नाही. माझ्या खोलीतून आवाज आला की ते दार लोटून घेतात. पण ही गोष्ट त्यांनी जेवता जेवता नीट ऐकली आणि मला प्रश्न विचारले. ते प्रश्न मी वाचलेल्या एकाही संगीतसमीक्षकाने विचारलेले नाहीत.

“शिअरिंग होतं का प्रेस?”

“प्रेस.”

“त्याला आधी त्या मशीनवर उभं केलं होतं का कधी?”

“नाही. तो वेल्डर. प्रेसवाला आला नव्हता.”

“मग झालं,” बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “नवख्याला प्रेसवर उभं करायचं नाही, हे कागदावर असतं रे. डिस्पॅचची गाडी दारात उभी असली की कागद कोण बघतो?”

बाबांच्या खात्यात एक काका होते. त्यांची उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. हाताने पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, आणि एका दिवशी मशीनने एकाच्या जागी दोन स्ट्रोक मारले. काका गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. नंतर कंपनीने त्यांना गेटवर वॉचमन म्हणून घेतलं. सप्ताहात ते आजही असतात. टाळ घेऊन, मागच्या ओळीत.

त्यामुळे आयोमीची गोष्ट ‘जिद्द असेल तर’ छापाने सांगितली की मला कंटाळा येतो. इंटरनेटवर ती तशीच सांगतात, खाली सूर्योदयाचा फोटो. आमच्या धंद्यात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: जे वाचले त्यांच्यावरून नियम काढायचा. बोटं गेलेल्या हजारो कामगारांतल्या एकाकडून नवं संगीत निघालं. बाकीच्यांकडून काही निघालं नाही, कारण त्यांची बोटं गेली होती.

पण आयोमीने पुढे काय केलं, ते मात्र तपशिलात बघण्यासारखं आहे. त्याच्या कारखान्याचा फोरमन त्याला भेटायला आला तो एक रेकॉर्ड घेऊन. जँगो राइनहार्टची. जँगो हा जिप्सी जॅझ गिटारवादक. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, त्यात डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, आणि त्यानंतर उरलेल्या दोन बोटांवर तो युरोपातला मोठा वादक झाला. आयोमीने ती रेकॉर्ड ऐकली आणि मग घरात बसून एक जिग बनवली म्हणा ना. फेअरी लिक्विड या भांड्यांच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिची गोळी केली, सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने भोक पाडलं, बोटाच्या मापाला येईपर्यंत पॉलिश पेपरने घासली. वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं, तार निसटू नये म्हणून. हे सगळं टूलरूमचं काम आहे. बाबांना या भागात जास्त रस आला. “चामडं कशाने चिकटवलं?” वगैरे.

टोपणं घातलेल्या बोटांना तारेचा स्पर्श कळत नाही. जाड तार दाबताना दुखतं. इंग्लंडमध्ये तेव्हा हलक्या तारांचे संच सहज मिळत नसत, तर त्याने बँजोच्या तारा गिटारला लावल्या. आणि पुढे तारा सैल केल्या, म्हणजे अख्खी गिटार खालच्या स्वरात लावली. सैल तार दाबायला सोपी, वाकवायला सोपी. आणि सैल तारेचा आवाज खोल, जड येतो. जगभरचे मेटल बँड आज गिटार खाली उतरवतात, ती सवय इथली.

एक दुरुस्ती करतो, कारण ही चूक खूप ठिकाणी दिसते. पहिल्या अल्बमपासूनच गिटार उतरवलेली होती असं लिहिलेलं सापडेल. पहिले दोन अल्बम बहुतांशी नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये आहेत. तारा खरोखर दीड स्वर खाली गेल्या त्या तिसऱ्या, १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ मध्ये. म्हणजे तो जडपणा नुसत्या तारा सैल करण्याने आला नव्हता. आणखी काहीतरी होतं.

ते काय, हे समजायला आपल्याकडचं एक वाद्य बरं पडतं. तानपुरा. तानपुऱ्यात काय लावतात? प आणि सा. गंधार तारेवर नसतो. रॉक गिटारवरचा ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे तेच: सा आणि प, बस. गंधार नाही, त्यामुळे तो आनंदी की उदास हे ठरत नाही. हा काही सॅबथचा शोध नव्हे, लिंक रेने १९५८ मध्ये आणि किंक्सने १९६४ मध्ये तो वापरलेला आहे. पण ज्याच्या दोन बोटांवर प्लॅस्टिक आहे त्याला चार बोटांचे पसरट कॉर्ड अवघड, दोन तारांचे सोपे. आयोमीने त्यावरच घर बांधलं.

आता इथे थोडं इंजिनिअरिंग. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा, मी रागावणार नाही.

समजा सा १०० हर्ट्झवर आहे आणि प १५० वर. ॲम्प्लिफायर नीट चालत असेल तर दोनच स्वर ऐकू येतात. पण तो कुवतीबाहेर ताणला की सिग्नलची टोकं कापली जातात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. आणि त्या कापाकापीत बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर आपोआप तयार होतात. १५० वजा १००, म्हणजे ५०. हा खालच्या सप्तकातला सा आहे, आणि तो कुणी वाजवलेलाच नाही! दोन तारा छेडल्या आणि तिसरी, सगळ्यांत जड तार मशीनने स्वतः वाजवली. यात गंधारासारखे आणखी स्वर घातले की वजाबाक्यांची गर्दी होते आणि आवाजाचा चिखल होतो. म्हणून ताणलेल्या ॲम्प्लिफायरवर सा-प इतकं भरीव लागतं. गरिबाच्या सामानातून मोठा आवाज काढायची ही रीत आहे, आणि ती कुठल्याही स्वस्त गिटारवर, स्वस्त ॲम्पवर चालते.

मग तो पहिला अल्बम. ‘ब्लॅक सॅबथ’. ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या स्टुडिओत एका दिवसात वाजवून टाकला. दुसरा दिवस मागायची सोयच नव्हती. १३ फेब्रुवारी १९७० ला बाजारात आला. मुद्दाम शुक्रवार, तेरा तारीख. बँडचं नाव मारिओ बाव्हाच्या १९६३ च्या भयपटाच्या इंग्रजी नावावरून. लोक घाबरायला पैसे देतात, मग घाबरवणारं संगीत का नको, असा साधा हिशेब.

त्यातल्या पहिल्या गाण्याची मुख्य ओळ तीन स्वरांची आहे. सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. हे अंतर युरोपियन कानाला खुपतं. चर्चने मध्ययुगात त्यावर बंदी घातली होती अशी दंतकथा प्रत्येक डॉक्युमेंटरीत असते. बंदीला पुरावा नाही, ‘सैतानाचा स्वर’ हे नाव बरंच नंतरच्या संगीतग्रंथांतलं आहे. पण मजा बघा, आपल्याला सा आणि तीव्र मध्यम म्हटलं की काय आठवतं? यमन. संध्याकाळ, दिवेलागण. सैतान वगैरे कुणी नाही. फरक असा की यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाकडे जातो, तिथे विसावतो. सॅबथच्या गाण्यात तो विसावतच नाही, तिथेच थरथरत उभा राहतो आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून. मला ते गाणं पहिल्यांदा ऐकताना भीती वाटली नव्हती, अस्वस्थ वाटलं होतं. पंचम कधी येणार याची वाट बघत होतो.

आता शब्द. लोक सॅबथला सैतानपूजक समजले, पण गीझरची गाणी वाचलीत तर कळेल की त्यांत सैतानाची भीती आहे, पूजा नाही. १९७० मध्ये काय चाललं होतं? व्हिएतनाम, अणुबॉम्ब, हेरॉइन. दुसरा अल्बम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. त्याचं नाव मुळात ‘वॉर पिग्ज’ ठरलं होतं. गरिबांच्या पोरांना युद्धावर पाठवून स्वतः मागे बसणाऱ्या सेनापतींवरचं गाणं. कंपनीने नाव बदलून ‘पॅरानॉइड’ केलं. मुखपृष्ठ मात्र तयार होतं, ते तसंच गेलं. त्यामुळे ‘पॅरानॉइड’ नावाच्या अल्बमवर आजही एक माणूस ढाल-तलवार घेऊन पळताना दिसतो, आणि का ते कळत नाही. ‘पॅरानॉइड’ हे गाणं तर अल्बम कमी भरत होता म्हणून जागा भरायला काही मिनिटांत रचलेलं. तेच सगळ्यांत गाजलं. आम्ही रिलीजच्या आदल्या रात्री घाईत लिहिलेला कोड जसा दहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये राहतो, तसं.

गळ्यातल्या क्रॉसची गोष्ट मला फार आवडते. हे चौघं गळ्यात मोठमोठे क्रॉस घालायचे, तर लोकांना तो सैतानी प्रकार वाटायचा. झालं होतं उलटंच. काळी जादूवाले मागे लागले म्हणून ही पोरं खरोखर घाबरली होती, आणि ऑझीने वडिलांना संरक्षणासाठी क्रॉस करून द्यायला सांगितलं. टूलमेकर बापाने ॲल्युमिनियमचे क्रॉस बनवून दिले. पोराचं गाणं त्याला किती कळत होतं कुणास ठाऊक. पण पोरगा घाबरलाय हे कळलं, आणि हाताशी धातू होता.

समीक्षकांनी पहिल्या अल्बमला झोडपलं. रोलिंग स्टोनमध्ये लेस्टर बँग्जने तो पार निकालात काढला. तरी तो इंग्लंडच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेला आणि ‘पॅरानॉइड’ पहिल्या. पुढचं थोडक्यात: अमेरिका, पैसा, कोकेन, भांडणं, १९७९ मध्ये ऑझीला काढलं, रॉनी जेम्स डिओ आला, १९८० चा ‘हेवन अँड हेल’ उत्तम. मग सदस्यांची इतकी ये-जा की तिचा चार्ट करावा लागेल. २०१३ चा ‘१३’ हा अल्बम इंग्लंडमध्ये पहिला आला, ‘पॅरानॉइड’ नंतर जवळपास ४३ वर्षांनी. २०१७ मध्ये निरोपाचा दौरा संपला तेव्हा करारावरून बिनसल्याने बिल वॉर्ड नव्हता. तो आला २०२५ मध्ये, व्हिला पार्कला. मला त्या संध्याकाळी ऑझीपेक्षा ड्रमवर बसलेला तो जास्त भावला.

तर प्रश्नाकडे. हे टिकलं का?

माझं म्हणणं, हे संगीत हातातून हातात देता येतं म्हणून. ‘आयर्न मॅन’ ची ओळ मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात हॉस्टेलवर शिकलो, शेजारच्या खोलीतल्या नांदेडच्या पोराकडून, त्याच्या एक तार तुटलेल्या गिटारवर. चार दिवस लागले. शास्त्रीय गायनाच्या क्लासला मी लहानपणी दोन वर्षं गेलो होतो, तिथे चार दिवसांत ‘सा’ सुद्धा मान्य झाला नव्हता. दुखावलेल्या हाताला झेपेल असं जे रचलं गेलं, ते नवशिक्या हातालाही झेपतं. लेड झेपेलिन मला कदाचित जास्त आवडतं, पण जिमी पेजचं ऐकून मी गिटार खाली ठेवतो. आयोमीचं ऐकून उचलतो.

आणि हेच बाकीच्यांचं झालं. बर्मिंगहॅमपासून जवळच स्टॉरब्रिज नावाचं गाव आहे, तिथला डायमंड हेड हा बँड. स्वतः फार मोठा झाला नाही. पण १९८१ मध्ये लार्स उलरिक नावाचा डेन्मार्कचा पोरगा अमेरिकेतून त्यांना शोधत इंग्लंडला आला आणि त्यांच्याच घरी मुक्काम ठोकून राहिला. परत जाऊन त्याने मेटॅलिका उभा केला आणि सुरुवातीला डायमंड हेडची गाणी वाजवली. बर्मिंगहॅमच्या त्याच पट्ट्यातला दुसरा मोठा बँड जुडास प्रीस्ट. त्यांचा गिटारवादक ग्लेन टिप्टन ब्रिटिश स्टीलमध्ये नोकरीला होता. १९८० मध्ये इंग्लंडभर पोलाद कामगारांचा संप झाला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा अल्बम आला, नाव ‘ब्रिटिश स्टील’. गायक रॉब हॅलफर्डने १९९८ मध्ये आपण समलिंगी असल्याचं टीव्हीवर सांगितलं. ‘मर्दानी’ म्हणवणाऱ्या या जगाने त्याला सोडलं नाही, हे या जगाबद्दल बरं बोलायला मला पुरेसं आहे. बायकांना मात्र इथे मंचावर जागा मिळायला फार वेळ लागला, तेही सांगायला हवं.

आपल्याकडेही ते असंच हातोहात आलं. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरायचं, कॉलेजचे बँड हीच गाणी वाजवायचे. पुढे शेजारच्या हॉस्पिटलांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातला आवाज बंद झाला. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनने आपला जागतिक दौरा सुरू केला तो वांद्रे-कुर्ला संकुलातून. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बँडचं बोइंग ७५७ चालवत आला होता. मी तेव्हा पाचवीत. मला पत्ताही नव्हता.

कारखान्यातून मेटल निघालं, हे वाक्य मी रेकॉर्डिंगमध्ये दोनदा म्हटलंय. लिहिताना मला ते अपुरं वाटतंय. कारखाने डेट्रॉइटमध्येही होते, तिथून मोटाउन निघालं. कारखाने भोसरीत आहेत, चाकणला आहेत. फरक बर्मिंगहॅमच्या त्या दहा वर्षांचा आहे. मोटारधंदा जोरात होता, सोळा-सतराव्या वर्षी पगार हातात येत होता, एक काम सोडलं तर दुसरं मिळत होतं. गिटार हप्त्यांवर मिळत होती. स्टेशन स्ट्रीटवरच्या द क्राउन या पबच्या माडीवर जिम सिम्पसन नावाचा गृहस्थ हेन्रीज ब्लूजहाउस चालवायचा, तिथे या पोरांना वाजवायला जागा मिळाली. तोच त्यांचा पहिला मॅनेजर झाला. १९६८ च्या शेवटी आयोमी थोडे दिवस जेथ्रो टल या बँडमध्ये जाऊन आला आणि येताना तिथली शिस्त घेऊन आला: सकाळी नऊला तालीम. कारखान्यातून सुटलेल्या पोरांनी परत सकाळची पाळी लावली, पण या वेळी स्वतःच्या कामाची.

चाकणला ठेकेदाराकडे असलेल्या अठरा वर्षांच्या पोराकडे हे काय आहे? पबची माडी सोडा, दोन बसा बदलून खोलीवर पोचेपर्यंत रात्रीचे दहा. त्याच्या हाताला झेपेल असं वाद्य त्याच्याजवळ पोचतं का? त्याच्याही फोनवर काहीतरी वाजत असतंच, आणि कदाचित ते त्याचं सॅबथ असेल. मला ते ऐकायला आवडेल. त्यावर एक भाग करायचा आहे. कुणी त्या पट्ट्यात काम करत असाल आणि वाजवत असाल, तर मेल टाका.

आता ऐकायचं कुठून, हे दर वेळी विचारता म्हणून. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, रात्री, हेडफोन लावून. आधी पाऊस आहे, लांबवर एक घंटा आहे. वीज कडाडते. मग ते तीन स्वर येतील, खूप सावकाश. तिसऱ्याकडे लक्ष द्या. त्या हाताच्या दोन बोटांवर साबणाच्या बाटलीची टोपणं आहेत.